वाचणाऱ्याचा अधिकार

ज्ञान कोणाला द्यावे, हा आपल्याकडचा फार जुना धर्मप्रश्न. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबाल गौतमांकडे शिकायला जातो, तेव्हा त्याला आधी गोत्र विचारले जाते. आईने सांगितले तेच तो सांगतो: तरुणपणी मी अनेकांकडे राबत होते, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. ते खरे बोलणे ऐकून गौतम त्याला शिष्य करून घेतात. उपनिषदाचा मोठेपणा इथे दिसतो. पण ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात हीच कथा उलट बाजूची साक्ष म्हणून उभी केली आहे. तिथले शांकरभाष्य म्हणते की, खरे बोलण्यावरून हा मुलगा शूद्र नाही असे ठरले आणि मगच गुरूने त्याचे उपनयन केले. शूद्राने इतिहास-पुराणे ऐकावीत. वेदाध्ययनाचा अधिकार त्याला नाही.

अधिकाराच्या या विचारात सगळेच टाकाऊ होते असे नाही. विवेक, वैराग्य, शमदमादी षट्क आणि मुमुक्षा ही वेदान्ताने सांगितलेली तयारी मनाची आहे. कठोपनिषदात यम नचिकेत्याला धन, दीर्घायुष्य, राज्य असे सगळे देऊ करतो आणि तो ते नाकारतो, तेव्हा कुठे खरे बोलणे सुरू होते. ती परीक्षा त्या मुलाच्या ओढीची होती. घात झाला तो ही तयारी जन्मावरून मोजली गेली तेव्हा. ज्ञानेश्वरांना हे सलले होते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ते वेदाला संपन्न म्हणतात आणि त्याच दमात कृपणही म्हणतात, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. ते उणे भरून काढण्यासाठी वेदच गीतेच्या रूपाने सर्वांसाठी आला, अशी त्यांची मांडणी आहे.

गीता मराठीत आली, कीर्तनातून गावोगाव पोचली. पण ग्रंथाला स्वतः हात लावायचा, पान उलटायचे, नको तिथे थांबून परत मागे जायचे, हे स्वातंत्र्य ऐकणाऱ्याला नसते. ते मिळायला छापखाना यावा लागला आणि त्यानंतर वाचनालय. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, पुण्याचे १८४८चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. या संस्थांनी मराठी समाज घडवला. तरी त्या वर्गणीवर चालत, आणि ज्याच्याकडे वर्गणीपुरते पैसे नाहीत त्याच्यासाठी अधिकाराचा जुना प्रश्न नव्या रूपात शिल्लक राहत होता.

त्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले बडोद्यात. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला. त्यांनी आपल्या राजवाड्यातले विधी वेदोक्त पद्धतीने, म्हणजे वेदमंत्रांनी, सुरू केले, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि त्याच वर्षी अमेरिकेत फिरताना तिथली मोफत सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. वेदोक्त आणि वाचनालय ही एकाच माणसाची दोन कामे वेगवेगळी मानू नयेत. मंत्र कोणासाठी म्हणायचे आणि पुस्तक कोणाला द्यायचे, या दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे.

१९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले. बॉर्डन १९१३ पर्यंत राहिले आणि त्या तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचे प्रशिक्षणवर्ग, मुलांची आणि स्त्रियांची दालने अशी घडी बसली. १९१२ मध्ये निघालेले ग्रंथालयविषयक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होते. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या पुस्तकदालनात पोलादी कपाटे आहेत आणि मजल्यांच्या फरश्या जाड काचेच्या आहेत, वरचा उजेड खालच्या ओळींपर्यंत पोचावा म्हणून. पुस्तक शोधणाऱ्याच्या डोळ्यांचा एवढा विचार करणारे बांधकाम आपल्याकडे आजही सहसा दिसत नाही.

खरी कल्पकता मात्र खेड्यांच्या योजनेत होती. शाळा सोडलेले मूल चार-पाच वर्षांत अक्षरे विसरते, हे सयाजीरावांना दिसत होते. त्यामुळे गावाने वर्गणी काढून आपला हिस्सा जमवायचा, तेवढेच पैसे प्रांत पंचायतीने आणि तेवढेच सरकारने द्यायचे, असे ठरले. जिथे तेही जमत नसे तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. वाहतुकीचा खर्च सरकारचा. पेटी वाचून झाली की परत पाठवायची आणि दुसरी मागवायची.

धर्मविचाराच्या दृष्टीने गावाने घातलेल्या या हिश्श्याचे मोल फार आहे. आपल्या परंपरेने विद्यादानाला श्रेष्ठ दान म्हटले. पण दान कितीही श्रेष्ठ असले तरी देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली राहतो. गावाने स्वतः पैसे घातलेल्या वाचनालयात तसे राहत नाही. तिथला वाचक कोणाच्या पुण्याचे साधन नसतो. तो हक्काने येतो, आवडले नाही तर पुस्तक अर्धे ठेवून दुसरे मागतो. आणि तयारीचे काय? ती वाचता वाचता होते. वेदान्ताने आधी मागितलेली पात्रता वाचनालयाने नंतरवर ढकलली. या लेखाच्या मते आधुनिक काळातली ही मोठी धार्मिक सुधारणा आहे.

पुस्तक मिळाले म्हणून माणसाला जागा मिळतेच असे नाही, हेही याच शहराने दाखवले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेले भीमराव आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये नोकरीसाठी परत आले. मोफत ग्रंथालयाच्या या राजधानीत त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले आणि मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. त्याच्या दहा वर्षे आधी, १९०७ मध्ये, मॅट्रिक झाल्याबद्दल त्यांना कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र भेट दिले होते. केळुसकरांची आणि त्यांची ओळख चर्नी रोडच्या बागेत वाचत बसल्यामुळे झालेली. एका बागेतले ते वाचन पुढे १९५६च्या नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेपर्यंत पोचले. ग्रंथ एकट्याने समाज बदलत नाही, पण तो कोणाच्या हाती पडेल याची आधी यादी करून ठेवणारा समाज काय गमावतो, याचा हिशेब इथे मांडता येतो.

सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करणारे देशातले पहिले संस्थान कोल्हापूर, साल १९४५. महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. त्याखाली गावोगावच्या संस्थांना अ, ब, क, ड वर्गांप्रमाणे अनुदान मिळते, पण काही राज्यांसारखा ग्रंथालय उपकर महाराष्ट्राच्या कायद्यात नाही. अनेक ठिकाणी वाचकाला अजून अनामत आणि मासिक वर्गणी भरावी लागते. रक्कम लहान असते, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. शेतमजुराच्या मुलीला ती लहान वाटत नाही. उपकर लावून घरी पुस्तक नेणे सर्वांना मोफत करावे, ही मागणी ग्रंथालय चळवळीने पुन्हा जोरात मांडायला हवी, आणि वारकरी फडांनी, मठांनी, विहारांनी तिच्या बाजूने उभे राहायला हवे. कृपणपणाचा ठपका वेदावर ठेवायला ज्ञानेश्वर कचरले नव्हते. सरकारवर तो ठेवायला त्यांचे वारस का कचरावेत?