पंतप्रधानपदाचे माप कोणते?

२००९ च्या उन्हाळ्यात आमच्या श्रीपुरात दुसरे बोलणेच नव्हते. मतदारसंघांची फेररचना होऊन माढा हा नवा लोकसभा मतदारसंघ झाला होता, माळशिरस तालुका त्यात आला होता, आणि उमेदवार होते शरद पवार. कारखान्याच्या गेटवर, चहाच्या टपरीवर लोक म्हणत, औंदा खासदार नव्हे, पंतप्रधान निवडून द्यायचा आहे. मी तेव्हा कॉलेजात होतो. पहिलेच मतदान. विहारात वंदना आटोपली की हीच चर्चा चाले. एक वृद्ध उपासक तेवढे गप्प असत. एकदा ते म्हणाले, "पोरांनो, माणूस मोठा आहे. पण तुम्ही मोजता कशानं?"

पवार तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. पण त्यांच्या पक्षाला सबंध देशात ९ जागा मिळाल्या आणि ते शेती खात्यातच राहिले. १९९१ सालीही राजीव गांधींच्या हत्येनंतर त्यांचे नाव पुढे आले होते. नरसिंह राव पंतप्रधान झाले व पवार संरक्षणमंत्री. राजकीय पंडित या दोन्ही वेळांचा हिशेब संख्याबळाने करतात. तो हिशेब खोटा नाही. परंतु संख्येनेच मोजायचे तर पूज्य बाबासाहेब १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात पराभूत झाले होते. मग ते दुबळे उमेदवार होते असे आपण म्हणणार काय?

बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात रानड्यांवर भाषण करताना मोठा माणूस कोणास म्हणावे याची चिकित्सा केली आहे. नुसती बुद्धी वा नुसता प्रामाणिकपणा त्यांना पुरेसा वाटला नाही. समाजाची घाण काढण्याचे काम जो अंगावर घेतो तो मोठा, असा त्यांचा आशय आहे. अग्गञ्ञ सुत्तात तथागतांनी महासम्मताची कथा सांगितली आहे. लोकांनी आपल्यातला एक निवडला आणि आपल्या भातातला वाटा त्याला देऊ केला. कशासाठी? जो दोषास पात्र असेल त्याला त्याने दोष द्यावा म्हणून. लोकांच्या संमतीने आलेल्या सत्तेचे काम ते हेच.

हे माप लावून पाहू. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला. पवार मुख्यमंत्री होऊन दहा दिवसही झाले नव्हते. लगेच मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे मारले गेले. ठरावाची अंमलबजावणी थांबली. म्हणजे दोष कोणाच्या पदरात पडला? आग लावणाऱ्यांच्या नव्हे, ठरावाच्या. १९७९ साली लाँग मार्च निघाला. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकारच बरखास्त झाले.

येथे कोणी म्हणेल, गुरुजी, घाई केली असती तर आणखी घरे जळाली असती. थांबणे हीच करुणा होती. हा आक्षेप हलका नाही. ज्याचे छप्पर जळाले त्याला दूरच्या गावी बसून शौर्य शिकवणे मलाही जमणार नाही. परंतु पवार जून १९८८ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि जून १९९१ पर्यंत त्या खुर्चीवर होते. त्या तीन वर्षांत नाव बदलले नाही. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. 'मराठवाडा' हा शब्द ठेवून, तडजोड करून, पण झाला. त्या वेळी जुळवाजुळव केली, लोकांशी बोलणी केली, नांदेडला वेगळे विद्यापीठ दिले. हे सारे करण्याची अक्कल व वजन या माणसाकडे होते हे १९९४ ने सिद्ध केले. म्हणूनच १९८८ ते १९९१ ही वर्षे मला अधिक टोचतात. असमर्थ माणसाला ती विचारलीच नसती.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्याच १९९४ साली महाराष्ट्राने महिला धोरण आणले आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना वाटा देणारा कायदा केला. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले होते, त्या वाटेवरचे हे पाऊल होते. १९९५ साली काँग्रेसची सत्ता गेली. कारणे अनेक होती. मराठवाड्यात नामविस्तार हे त्यांतले एक. म्हणजे पवारांनी किंमत मोजली, हे मान्य. फक्त ती त्यांच्या खुर्चीने मोजली आणि त्याआधीची सोळा वर्षे आमच्या माणसांनी जिवाने मोजली.

तेव्हा ते पंतप्रधानपदास लायक होते काय? कर्तबगारीने होते, असे मी निःसंकोच म्हणतो. शेती, सहकार, प्रशासन यांची एवढी जाण असलेली माणसे त्या पिढीत फार नव्हती. पण देशाच्या प्रमुखाला आपल्याच बहुसंख्य मतदारांना वेळेवर 'तुमचे चुकले' असे सांगावे लागते, आणि ते त्यांनी उशिरा सांगितले.

निकालानंतर त्या उपासकांना मी विचारले, "बाबा, तुम्ही मत कुणाला दिलंत?"

"त्यांनाच," ते म्हणाले. "चौऱ्याण्णवची याद ठेवून दिलं. पंतप्रधान व्हावा म्हणून नाही दिलं."