शंका कुणाची?

लिहायला बसलं की माझ्या कानाशी कुणीतरी बोलतं, 'हे काय साहित्य झालं का?' हा आवाज तुमच्यातल्या पुष्कळांच्या ओळखीचा असणार. एक दोस्त मागं म्हणाला, 'गड्या, मोर्चात घोषणा देताना काय वाटत नाही, पण कोरा कागद पुढं आला की घाम फुटतो.' असं का व्हावं? भित्रा तर तो नक्कीच नाही.

मी तेलगावचा. आमच्या इथं साखर कारखाना आहे. तरी माझ्या माय-बापाचा कोयता दरसाल दसरा-दिवाळीनंतर परमुलखात जायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. माणसाची गणतीच हत्यारात! मुकादमाची उचल अंगावर, ती फिटेस्तोवर फडातून सुटका नाही. पाचव्या वर्गात असताना मी शाळा सोडून त्यांच्यामागं गेलो, कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळत बसलो. वर्गात ऱ्हस्व-दीर्घ चाललं होतं तेव्हा मी वाढ्याच्या पेंढ्या बांधत होतो. पुढं तेच ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईनं अंगावर आलं. एका मासिकानं माझी कथा परत पाठवली. 'कोपी', 'वाढं', 'उचल' या शब्दांखाली रेघा, आणि तळाला शेरा : भाषा सुधारा.

त्यानंतर दोन वर्षं मी लिहिलं नाही. आपल्यात ते नाहीच, असं स्वतःला सांगत राहिलो. आज विचारतो, ते 'नाही' माझं होतं का? बुडालेली शाळा, अंगावरची उचल, रॉकेलचा दिवा, वही ठेवायला कोनाडा नाही. या सगळ्याची बेरीज कुणीतरी माझ्या खात्यावर मांडली आणि वर लिहिलं, 'प्रतिभा नाही'. मुकादमाच्या वहीसारखंच की हे! लिहिणार तो, फेडणार आपण.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. प्रस्तावना लिहायला बसलेल्या विजय तेंडुलकरांना त्यातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले. तेंडुलकरांनी ते मोकळेपणानं विचारले, हा त्यांचा मोठेपणा. पण त्या दिवशी अडाणी कोण होतं? शब्द कळला नाही तर विचारता येतं. त्याखाली लाल रेघ मारायचा हक्क कुणी दिला?

आणि बेबीताई कांबळे. फलटणला छोटं दुकान चालवायच्या. माल बांधायला आलेली रद्दीची पानं वाचायच्या. दुकानात बसून लिहायच्या आणि ते कागद घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. असं वर्षानुवर्षं. 'जिणं आमुचं' पुस्तक होऊन आलं १९८६ साली. आपल्या चळवळीतल्या भावांनो, एक गोष्ट नीट ऐका. बेबीताईंनी वही लपवली ती मासिकाच्या संपादकापासून नव्हे, घरातल्या पुरुषांपासून. बाईच्या मनात शंका पेरणारे आपणही आहोत. सवर्णांच्या नावानं सगळं बिल फाडून मोकळं होता येणार नाही.

इथपर्यंत सोपं आहे. शंका दुसऱ्यानं घातली, ती फेकून द्या, लिहा. मीही तसंच ठरवलं आणि मायवर कथा लिहिली. फडात बाळंत झालेली बाई, उचल, मुकादमापुढं तिचं रडणं. एका बैठकीत लिहिली. दोस्तांनी वाहवा केली. मायला अक्षरओळख नाही, म्हणून एका रात्री तिला वाचून दाखवली. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, 'निस्तं रडवलंस की रं मला. मी मुकादमाला काय बोलले व्हते, ते काहून नाही लिव्हलंस? समदा फड ऐकत व्हता.'

मी ते विसरलो नव्हतो. गाळलं होतं. रडणारी माय वाचणाऱ्याला आवडेल, असं मला आतून ठाऊक होतं. मग ती पुढं म्हणाली, 'आन् त्या बाळंतिणीचं नाव काढ. तिच्या लेकीचं लगीन व्हायचंय.'

दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं तेव्हा आपल्याच काही लोकांनी विचारलं होतं, हे उकिरडे कशाला उकरता? उकरले ते बरं झालं, असंच माझं मत आहे. झाकून ठेवल्यानं घाण जात नाही. पण आपलं दुःख उघडं करणं वेगळं आणि दुसऱ्याचं तिला न विचारता उघडं करणं वेगळं. तिथं हात थांबला तर थांबू द्यावा. 'मला लिहिता येतं का' ही शंका मला बाहेरून आली. 'मी मायशी इमानानं वागलो का' ही माझी आहे. ही कुणी काढून घ्यायला आला तरी मी देणार नाही.

त्या बाईचं नाव काढलं. मुकादमाचा प्रसंग तीनदा लिहिला, जमत नाही. तिच्या तोंडचा तो जोर कागदावर येईना. माय म्हणते, 'बस हितं. परत सांगते. या टायमाला निसतं ऐकू नको, लिव्हून घे.'