हजारात एक

आमच्या स्टेशनच्या सबवेत उजव्या हाताला वारली चित्र आहे. गेरूच्या रंगावर पांढरा तारपा नाच. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती हात गुंफून फिरणारी माणसं. या गोलातून वायरिंगचा एक करडा पाइप सरळ खाली आलाय. तीन नाचणाऱ्यांची डोकी त्याच्याखाली गेली आहेत आणि चौथी बाई जिथे असायला हवी तिथे स्विचबॉक्स बसवलाय. एकदा गाडी चुकली म्हणून जवळ जाऊन पाहिलं, तर माणसं हातानं काढलेलीच नव्हती. स्टेन्सिल ठेवून फवारा मारलेला. सगळ्यांचा पाय एकाच कोनात उचललेला.

कागदोपत्री या प्रकाराला ‘सुशोभीकरण’ म्हणतात. हा शब्द आला की चित्र रंगकामाच्या रांगेत जाऊन बसतं. चौरस फुटाचा दर लागतो, बिल ठेकेदाराचं निघतं. चित्र काढणाऱ्याच्या हातात त्यातलं काय पडलं, ते बिलावरून कळत नाही. आणि तरीही स्टेशनवर कुठे बरं शिल्प किंवा म्युरल लागलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘यावर किती उधळले?’

प्रश्न रास्तच आहे, पैसा आपला आहे. मग हिशेबही नीट करू.

न्यूयॉर्क शहरानं १९८२ मध्ये कायदा केला, की शहराच्या पैशातून इमारत उभी राहत असेल तर बांधकामाच्या रकमेतला साधारण एक टक्का कलेसाठी बाजूला काढायचा. तिथल्या मेट्रोचा स्वतंत्र कलाविभाग १९८५ पासून काम करतोय. १ जानेवारी २०१७ रोजी तिथे सेकंड अव्हेन्यूची नवी मार्गिका सुरू झाली. खर्च सुमारे साडेचार अब्ज डॉलर, आणि त्यातल्या कलाकामांचा सुमारे ४५ लाख डॉलर. म्हणजे हजार डॉलरमागे एक. त्या एका डॉलरात ७२व्या स्ट्रीटच्या स्टेशनवर व्हिक म्युनिझ या मूळ ब्राझीलच्या कलाकाराची तीसहून अधिक माणसं भिंतीला टेकून गाडीची वाट पाहत उभी आहेत, माणसाएवढ्याच उंचीची, मोझेकमधली. कागद उडालेला एक प्रवासी त्यामागे धावतोय, दोन पुरुष हातात हात घेऊन उभे आहेत. हे तुकडे म्युनिकच्या एका जुन्या कार्यशाळेत जुळवले गेले. म्हणजे ‘कलेवरचा खर्च’ एकट्या कलाकाराच्या खिशात जात नाही. काच कापणारे, तुकडे बसवणारे, ते समुद्रापार नेणारे अशा अनेकांची मजुरी त्यात असते. असं काम टिकतं ते या मजुरीमुळे. रोज हजारो खांदे घासून जाणाऱ्या भिंतीवर डिस्टेंपर किती दिवस तग धरणार?

आता दुसरं टोक. ऑक्टोबर २०१७ मध्ये बिहारमधल्या मधुबनी स्टेशनच्या भिंती स्थानिक कलाकारांनी मिथिला चित्रांनी भरून काढल्या. शंभराहून अधिक हात, हजारो चौरस फूट भिंत. मोबदला काही नाही, श्रमदान. पुढच्या वर्षी रेल्वेच्या सुंदर स्टेशनांच्या स्पर्धेत मधुबनीला मदुराईच्या जोडीनं दुसरा क्रमांक मिळाला. पहिला आपल्याकडे, ताडोबाचे वाघ भिंतींवर मिरवणाऱ्या बल्लारशाह आणि चंद्रपूरला. मधुबनीचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्याच स्टेशनच्या रुळांचं काम कुणाला श्रमदानात मागितलं असतं का? कलाकारानं फुकट काम केलं म्हणून काही खर्च शून्य होत नाही. तो त्याच्या घरातून भागवला जातो, एवढंच.

‘आधी पूल बांधा, मग चित्रं काढा’ हा आक्षेप मुंबईत हसण्यावारी नेता येत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. मधुबनीच्या भिंती रंगल्या त्याच्या आगेमागेच. मोडक्या जिन्याशेजारी म्युरल लावणाऱ्याचा मलाही राग येतो; जुन्या स्टेशनवर आधी जिना, यात दुमत नाही. पण नव्या मार्गिकेच्या खर्चात हजाराचे नऊशे नव्व्याण्णव केल्यानं कुठला पूल रुंद झाल्याचं ऐकिवात नाही.

शिवाय ही चैन आपल्याला परकी थोडीच आहे? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८७८ पासून दहा वर्षं बांधलं जात होतं, खर्च तेव्हाचे सुमारे सोळा लाख रुपये. खांबांच्या माथ्यावरची पानं, पक्षी, माकडं घडवण्यात जे. जे. कलाशाळेच्या तेव्हाच्या विद्यार्थ्यांचा हात होता. ते कोरीवकाम इमारत उठल्यावर वरून चिकटवलेलं नाही, दगडाबरोबरच ते अंदाजपत्रकात आलं. २००४ मध्ये युनेस्कोनं ज्या वास्तूला जागतिक वारसा म्हटलं, तिच्यातून ही माकडं वजा करून बघा. आणि आज? विमानतळाच्या टी-२ला राजीव सेठींच्या देखरेखीखाली किलोमीटरच्या किलोमीटर कलाभिंत मिळते, लोकलवाल्याला स्टेन्सिल. गर्दी कुठे जास्त, ते सांगायला नको.

एक खर्च मात्र सगळेच विसरतात: देखभालीचा. लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनवर एदुआर्दो पाओलोझ्झीची मोझेक १९८० च्या दशकात लागली. २०१५ मध्ये स्टेशन वाढवताना सरकत्या जिन्यांवरच्या कमानी उतरवल्या गेल्या आणि लोक खवळले. बहुतेक मोझेक वाचली, कमानींचे तुकडे एडिनबरा विद्यापीठानं सांभाळायला घेतले. काही दशकांनी भिंत हलवावी लागेल, पाइप टाकावा लागेल, हे कुणाला तरी आधीच सुचायला हवं. त्यासाठी त्या भिंतीवर कुणाची तरी जबाबदारी नोंदलेली लागते. आमच्या सबवेत ती नव्हती, म्हणून वायरमननं पाइप सर्वांत सोप्या वाटेनं नेला. त्याला दोष कसा देणार? त्याच्या लेखी ती रंगवलेली भिंत होती.

परवा चित्राच्या चारही कोपऱ्यांत नाव शोधलं. नव्हतं. जिन्याशेजारच्या उद्घाटनाच्या फलकावर अकरा नावं आहेत.