काचेवरचा अनुस्वार

संहितेत जे आहे आणि वाचकाला जे दिसते, यांतील अंतराची चर्चा मराठी समीक्षेत बहुधा अमूर्त पातळीवरच होते. लॅपटॉपच्या चकचकीत पडद्यावर ते अंतर डोळ्यांनी पाहता येते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी, खिडकीकडे पाठ करून, जुन्या मराठी ग्रंथाची स्कॅन केलेली प्रत वाचणाऱ्या अभ्यासकाला उजळ पानावर फारसे काही खटकत नाही. पण प्रतीच्या काळ्या कडांत मागची खिडकी आणि त्याची स्वतःचीच आकृती उमटते. गुळगुळीत काच समोरून पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग परतवते. पानाच्या उजेडात तो लोपतो, काळ्यावर उघडा पडतो. मॅट पडदा हे प्रतिबिंब नाहीसे करत नाही, फिकट धुक्यासारखे सर्वत्र पसरवतो. (तटस्थ म्हणवणारी समीक्षाही पुष्कळदा एवढेच करते.)

तरीही प्रतिबिंब हा लहान दोष. ते वाचनात अडथळा आणते, म्हणूनच ओळखू येते. धुळीचा कण मात्र शिरोरेषेवर बसला की अनुस्वार होतो. ‘घरात’चे ‘घरांत’ होते, एकवचनाचे अनेकवचन. १९६२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वी तर एकवचनीही ‘घरांत’ असेच लिहीत. त्या काळच्या मजकुरात आगंतुक ठिपक्याची शंकाही येत नाही.

पान सरकवले की काचेवरचा कण जागीच राहतो, अक्षर पुढे जाते. ही परीक्षा सोपी. परंतु अक्षराबरोबर सरकणारा ठिपका लेखकाचाच, हे त्यामुळे सिद्ध होत नाही. तो खिळ्यावर साचलेली शाई, कसरीचे छिद्र किंवा स्कॅनरच्याच काचेवरची धूळ असू शकतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले आणि तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. प्रक्षिप्त ओवी टिकते ती शोभून दिसते म्हणूनच. विजोड ओवीची भीती एवढी नसते.

प्रश्न नैतिक होतो तो येथे. सिद्धान्ताला प्रतिकूल ठिपका दिसला की अभ्यासक रुमाल काढतो, पान सरकवतो, दुसरी प्रत ताडून पाहतो. अनुकूल ठिपक्यासाठी यांतले काहीच करत नाही. त्याने खोटे लिहिलेले नसते, जे दिसले तेच उद्धृत केलेले असते. पण कोठे पुसायचे आणि कोठे थांबायचे, हे त्याच्या इच्छेनेच ठरवलेले असते. आणि त्याच्या प्रबंधातून तो अनुस्वार पुढच्या प्रबंधात शाईने छापला जातो.