डिझेलची पंगत

२०१२ साली आमच्या साडूंनी मर्सिडीज घेतली, तीही डिझेलची! "अहो, पेट्रोलचं इंजिन आवाज कमी करतं, कबूल, पण डिझेल लिटरमागे जास्त पळतं. शिवाय स्वस्त!"

स्वस्त का, तर शेतातला पंप आणि मालाचा ट्रक चालावा म्हणून सरकार पदरमोड करी. (ऑक्टोबर २०१४ मध्ये ते संपलं.) म्हणजे पंगत गरिबांची आणि पाटावर आमचे साडू! त्यांना हे सुनवायचंच, असं बसस्टॉपवर धूर खाताखाता मी ठरवलं. तोच त्यांची गाडी थांबली. "या, सोडतो."

आत थंडगार. काच वर गेली, धूर दिसेनासा झाला, माझा प्रश्नही.

पेट्रोलला पेटायला ठिणगी लागते, डिझेल नुसत्या दाबानं पेटतं. माझी तत्त्वं पेट्रोलवर चालतात, मोह डिझेलवर!