मोराआधीची मोजणी

भाच्याची दहावी झाली आणि बहिणीने त्याला माझ्याकडे धाडलं. डिप्लोमाला जावं की चित्रकला महाविद्यालयात, एवढाच प्रश्न. ‘मामा, मला चौकटीतलं काम जमेल की क्रिएटिव्ह, हे ओळखायचं कसं?’ उत्तर देण्याऐवजी मी त्याला पैठणच्या एसटीत बसवलं.

हा प्रश्न आपण मुलांना फार लवकर विचारतो. 2016 साली राज्य मंडळाने दहावीसाठी कलचाचणी सुरू केली, तेव्हा आवडीची सात क्षेत्रं पाडली होती. ललित कला एका खान्यात, तांत्रिक दुसऱ्या. हेतू चांगलाच होता. पण ज्या मुलाने कधी माग पाहिला नाही की लेथ पाहिलं नाही, त्याला आवड विचारणं म्हणजे न चाखलेल्या भाजीत मीठ किती ते विचारण्यासारखं आहे.

पैठणला मागावर एक मावशी बसल्या होत्या. पदरावर मोर चालला होता. बोटांच्या टोकांनी उभे धागे मोजून उचलायचे, त्यांखालून रंगीत रेशमाची छोटी कांडी सरकवायची, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायची, मग फणीने ठोकायचं. ओठ सारखे हलत होते, पण ते गाणं नव्हतं, आकडे होते. सकाळपासून पदर दोन बोटं सरकला होता. भाच्याने विचारलं, ‘मावशी, चुकलं तर?’ ‘उसवायचं, बाळा. दुपार जाते.’

याला कोणत्या खान्यात टाकायचं? मोर कुणाला तरी कधी काळी सुचला, ते झालं. त्यानंतर आहे ती मोजणी, तीही महिनोन्महिने. शिवाय धागे आपल्याच बोटांनी उचलायचे असल्यामुळे डोळ्याचा रंग बदलावा की नाही, मान जरा वळवावी का, हेही त्या मोजणीतच ठरतं. आमच्या शहरातल्या हिमरू कापडाची गोष्ट वेगळी. जुन्या मागावर नक्षी आधीच दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवलेली असे. एक पोरगा ठरल्या क्रमाने दोऱ्या ओढी, विणकर धोटा टाकी. नक्षी बांधणारा एक, विणणारा दुसरा. पुढे जॅकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे आले आणि त्या पोराचंही काम संपलं. म्हणजे दोन्हीकडे नियम आहेत, दोन्हीकडे कला आहे. फरक आहे तो चौकट कुणाच्या हातात आहे याचा. मला वाटतं, आवडीचा शोध इथून सुरू करावा.

हे मला उशिरा कळलं. वाळूजच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं क्वालिटीत होतो. हातात गो–नो गो गेज. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दिवसाला शेकडो भोकं. मी स्वतःला पिंजऱ्यात सापडलेला कलावंत समजत असे. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही ‘जिगीषा’ नाट्यसंस्थेची मंडळी आमच्याच शहरात नाटक करत करत मुंबईला पोचली, त्यामुळे इथल्या प्रत्येक हौशी नटाच्या मनात मुंबईचं तिकीट काढून ठेवलेलं असायचं. माझ्याही होतं. फर्स्ट शिफ्ट करून तालमीला जायचो. दिग्दर्शक म्हणायचा, ‘सुचेल ते कर.’ आणि मला घाम फुटायचा.

एकदा स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रकाशयोजनेवरचा मुलगा तापाने पडला आणि तापडिया नाट्यमंदिरात मला दिव्यांवर बसवलं. रात्रभर जागून मी संहितेच्या समासात क्यू लिहिले: कोणत्या शब्दाला कोणता दिवा, किती आकड्यांत वर, किती आकड्यांत खाली. प्रयोग संपला, टाळ्या पडल्या, आणि मी सतराव्या क्यूला दिवा अंमळ उशिरा गेला याचाच हिशोब करत बसलो होतो. इतका सुखी मी कधी नव्हतो. म्हणजे मी मुळात आकड्यांचा माणूस. मग कारखाना का नकोसा झाला होता? त्या भोकाचं माप कुठून आलं हे मला ठाऊक नव्हतं आणि बदलायची मुभा नव्हती. समासातले आकडे माझे होते.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येकाला आपली चौकट हवी असतेच असं नाही. खरंच आहे. मद्रास लष्करातल्या रॉबर्ट गिलची 1844 साली नेमणूक झाली ती अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं जशीच्या तशी उतरवायला. हुकूम ईस्ट इंडिया कंपनीचा, रेषाही दुसऱ्याची. वर्षानुवर्षं तो तेच करत राहिला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेल्या त्याच्या नकला 1866 च्या आगीत गेल्या, तरी त्याने लेण्यांचा नाद सोडला नाही. आपल्याला गिल म्हटलं की त्याची प्रेयसी पारो आठवते; अंधाऱ्या लेण्यात तीच बोटं, तेच डोळे पुन्हा पुन्हा काढत बसलेला माणूस आठवत नाही. दुसऱ्याच्या रेषेवरून हात फिरवण्यात आयुष्य रमू शकतं, आणि त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. फक्त ते आपलं आहे की आपल्यावर आलंय, एवढं कळावं.

आणि तेवढं कळायलाही सवड लागते. वाळूजला कंत्राटी कामावर असलेल्या माणसाच्या पोराला आयटीआयत फिटरची जागा मिळाली की तो फिटर होतो. आवड कुणी विचारत नाही. माझी पाळी आठऐवजी बारा तासांची असती, तर मी आजही स्वतःला कलावंतच समजत राहिलो असतो.

परतीच्या गाडीत, बिडकीन मागे पडल्यावर, भाच्याने वही काढली. मला वाटलं, मोर काढतोय. त्याने पानभर बारीक चौकोन आखले होते आणि मधले काही पेन्सिलने भरत होता. ‘मामा,’ तो मान वर न करता म्हणाला, ‘डोळ्याला सात पुरतील का रे?’