पाव तासाची परीक्षा

मडके घ्यायचे ते वाजवून घ्यावे, सोने घ्यायचे ते कसोटीवर घासून घ्यावे आणि घोडा घ्यायचा तो मांड ठोकून घ्यावा, असा आपल्याकडील जुना व्यवहार आहे. पारखून घेणाऱ्यास लोक शहाणा म्हणतात आणि न पारखता घेणाऱ्यास भोळा. तथापि या तीन परीक्षांत एक भेद आहे, आणि तो सहसा कोणी लक्षात घेत नाही. मडक्याचा नाद टिचकी मारणाऱ्याच्या स्वभावानुसार पालटत नाही. कसोटीवरील रेघ सराफाच्या प्रकृतीवर अवलंबून नसते. घोड्याची गोष्ट निराळी. तो आपले गुण स्वारास जितके दाखवितो, तितकेच स्वाराचे गुण पाहणाऱ्यास दाखवितो. आणि घोडा अडला तर दोष कोणाचा, याचा निकाल पहिल्याच फेरीत लागत नाही. घोड्याची ती जागा आज मोटारसायकलीने घेतली आहे. विक्रेत्याच्या दारातून अपरिचित गाडी काढून, ती पाव तास फिरवून आणून तिच्याविषयी कायमचे मत देणारे तरुण आज कोणत्याही शहरात भेटतात. त्या पाव तासात माणसास नेमके काय कळते, आणि ते जाणून घेताना त्याच्यावर कोणते बंधन असते, असे दोन प्रश्न येथे उभे राहतात. पहिला ज्ञानाचा आहे, दुसरा नीतीचा. परंतु पहिल्याचे उत्तर दिल्याखेरीज दुसऱ्याचे देता येत नाही.

ज्या गाडीस हल्ली साहसी मोटारसायकल म्हणतात, तिचा स्वतंत्र वर्ग फार जुना नाही. दूरचे प्रवास पूर्वीही होत असत. रॉबर्ट एडिसन फुल्टन हा अमेरिकन तरुण 1932 साली लंडनहून मोटारसायकलीवर निघाला आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 1933 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला पोचला. टेड सायमन या इंग्रज पत्रकाराने 1973 ते 1977 अशी चार वर्षे एका ट्रायम्फवर जग पालथे घातले. परंतु या लोकांची वाहने साध्या रस्त्यांसाठीच बनविलेली होती. साहस होते ते स्वाराचे. पुढे 1978 च्या डिसेंबरात पॅरिसहून डाकारकडे पहिली शर्यत निघाली, आणि 1980 साली बीएमडब्ल्यूने रस्ता व रान या दोहोंसाठी एकच गाडी बाजारात आणली. तेव्हापासून साहस हा विशेषणरूपाने यंत्राचा गुण झाला. आपल्या देशात रॉयल एनफील्डची हिमालयन 2016 साली आली, आणि तिचे नवे रूप 2023 च्या अखेरीस. या नव्या रूपाचे इंजिन 452 घन सेंटिमीटरांचे, वजन 196 किलोग्रॅम, बैठक जमिनीपासून 825 मिलिमीटर, पुढचे चाक 21 इंची व मागचे 17 इंची, आणि दोन्ही चाकांना सुमारे 200 मिलिमीटर वरखाली होण्याची मुभा आहे. यांतील एकही आकडा निष्कारण नाही. मोठे चाक दगडावर सहज चढते, लांब स्प्रिंग खड्डा पचविते, उंच पोट खडकास घासत नाही. परंतु हेच गुण शहरातील चौकात अवगुणांचे रूप घेतात. पाय पुरा टेकत नाही. ब्रेक दाबताच गाडीचे तोंड खाली वाकते. मोठे चाक वळण घेण्यास वेळ लावते. स्वार परत येऊन म्हणतो, “गाडी उंच आहे, जड आहे, मंद आहे.”

हे उद्गार कोणाचे? ‘उंच’ हा शब्द गाडीने सांगितलेला नाही, तो पायाने सांगितला. ‘जड’ हा शब्द मनगटाचा आहे, आणि ते मनगट काल कोणत्या गाडीवर होते यावर तो अवलंबून आहे. परीक्षक ज्यास वस्तूचा गुण म्हणतो, तो बहुधा वस्तू आणि परीक्षकाची सवय यांमधील अंतर असते. ही सवय बुद्धीच्या पलीकडे शरीरात कशी मुरलेली असते, हे वाहनावर फार स्पष्ट दिसते. डावीकडे वळताना दुचाकीचे हँडल प्रथम क्षणभर उजवीकडे द्यावे लागते, तेव्हा कोठे गाडी डावीकडे कलते. परंतु विल्बर राइटने अनेक सायकलस्वारांना हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांपैकी एकासही आपण काय करतो ते नीट सांगता आले नाही. करीत तर सारेच होते. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने 1949 सालच्या आपल्या ग्रंथात एखादी गोष्ट अशी आहे हे जाणणे आणि ती कशी करावी हे जाणणे यांत जो भेद केला, तो येथे मूर्तिमंत दिसतो. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाखाली आणि मागचा ब्रेक डाव्या पायाखाली असे. हल्लीच्या गाड्यांत हे उलटे आहे. वीस वर्षे जुनी बुलेट चालविलेल्या माणसास हा फरक पाठ असतो, विचारल्यास तो अचूक सांगेलही. परंतु समोर अकस्मात म्हैस आली असता उत्तर पाय देतो, आणि पाय जुन्या गाडीचे उत्तर देतो.

आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानिली. चाचणी घेणारा मनुष्य विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता प्रत्यक्षाचा आश्रय करितो, यात त्याचे चुकत नाही. परंतु प्रत्यक्षही खरे कशावरून, हा प्रश्न उरतोच. मीमांसकांच्या मते ज्ञान बाध येईपर्यंत स्वतःच प्रमाण असते. नैयायिकांच्या मते त्याचे प्रामाण्य बाहेरून, म्हणजे त्या ज्ञानानुसार केलेली प्रवृत्ती सफळ झाल्यावर ठरते. दूर पाणी दिसले. जवळ जाऊन तहान भागली तर ते पाणी, एरवी मृगजळ. या कसोटीने पाहू गेल्यास साहसी गाडीची चाचणी मोठी विचित्र ठरते. तिची तहान आहे 5,359 मीटरांवरील खर्दुंग ला, आणि ओंजळ भरून घ्यायची ती शहरातील सिग्नलपाशी. विरळ हवेत इंजिन कसे वागेल, आठव्या दिवशी पाठ काय म्हणेल, ओल्या मुरमावर मागचे चाक कोठे जाईल, यांपैकी कशाचाही साक्षात्कार त्या पाव तासात होणे शक्य नाही.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, मग चाचणी व्यर्थच समजावी काय? ज्याने पन्नास हजार किलोमीटर तुडविले आहेत अशा आप्ताचा शब्द प्रमाण मानावा आणि डोळे मिटून पैसे मोजावे? तसे नव्हे. आप्ताचा अनुभव कितीही खरा असला तरी त्याचे पाय माझे पाय नव्हेत. चाचणीस अर्थ आहे, परंतु तिच्याकडून योग्य तेच विचारले पाहिजे. पहिल्या भेटीत जाणवणारे दोष दोन जातींचे असतात. काही परिचयाने कमी होतात, काही परिचयाने वाढतात. अनोळखी क्लच, रुंद हँडल, ब्रेक लावताच वाकणारे तोंड यांची टोचणी बहुधा थोड्या दिवसांत बोथट होते. गुडघा सतत अवघडत असेल, किंवा बैठकीची उंची अशी असेल की उतारावर एकही पाय धड टेकत नाही, तर ती अडचण दहाव्या तासाला पाव तासाहून मोठी होईल. चतुर परीक्षक पहिल्या जातीच्या दोषांस फार महत्त्व देत नाही आणि दुसऱ्या जातीच्या दोषांची बारकाईने नोंद घेतो. अडाणी परीक्षक याच्या उलट करितो: जे केवळ नवे आहे त्यास वाईट म्हणतो, आणि इंजिनाच्या पहिल्या उसळीत जे खरोखर वाईट आहे ते विसरतो. माणसांच्या बाबतीतही आपले प्रथमदर्शनी निकाल याच रीतीने चुकतात. नव्या सुनेविषयी, नव्या शिक्षकाविषयी, नव्या गावाविषयी आपण जे पहिल्या आठवड्यात बोलतो, त्यात त्यांच्याविषयी थोडे आणि आपल्या सवयींविषयी पुष्कळ असते.

आता दुसरा प्रश्न. पाव तासाचे ज्ञान अपुरे, इतकेच असते तर नुकसान फार तर खरेदीदाराच्या खिशाचे. परंतु ही परीक्षा सार्वजनिक रस्त्यावर होते. त्या रस्त्यावर शाळेतून सुटलेली मुले आहेत, भाजीची पिशवी घेऊन पलीकडे जाऊ पाहणारी म्हातारी आहे. आणि आज एका अपरिचित यंत्राची ओळख आपल्या अंगणात चालू आहे, याची त्यांस वार्ताही नाही. स्वार म्हणेल, माझ्यापाशी परवाना आहे. खरे आहे, परंतु परवाना हा वाहनाच्या जातीपुरता असतो, ओळखीचा परवाना कोणतेही सरकार देऊ शकत नाही. शिवाय प्रत्येक वाहन कधीतरी अपरिचित असणारच, जसा प्रत्येक वैद्यास पहिला रोगी असणारच. अज्ञान टाळता येत नाही, म्हणून ते दोषास्पद नाही. दोषास्पद आहे ते अज्ञानाचे विस्मरण. आणि चमत्कार असा की, या विस्मरणाचा धोका नवख्यापेक्षा मुरलेल्यास अधिक. नवखा भिऊन हळू जातो. मुरलेला आपल्या वीस वर्षांवर विश्वासून जातो, आणि ती वीस वर्षे दुसऱ्याच गाडीवरची असतात.

‘साहस’ या शब्दाचा इतिहास या ठिकाणी फार बोधप्रद आहे. आज आपण तो स्तुतीने वापरतो. परंतु स्मृतिकारांच्या व्यवहारशास्त्रात साहस हे अठरा विवादपदांपैकी एक असून, बळाच्या जोरावर दुसऱ्यावर केलेला अपराध असा त्याचा अर्थ आहे. एकच शब्द गुन्हाही सांगतो आणि गौरवही. या दोन अर्थांमधील सीमारेषा शोधू गेल्यास ती पणास लावलेल्या वस्तूवर सापडते. जो स्वतःचा देह पणास लावितो त्याचे साहस आजच्या अर्थाने साहस. जो दुसऱ्याचा देह त्यास न विचारता पणास लावितो त्याचे साहस स्मृतिकारांच्या अर्थाने साहस. रिकाम्या माळावर अपरिचित गाडी उताराला सोडणारा आणि गर्दीच्या पेठेत तिची उसळी पाहणारा हे दोघे एकच कृती करितात. पण दोघांच्या कृतीस एकच नाव देणे हा भाषेचा आळस आहे.

यावरून चाचणी घेणाऱ्याचे कर्तव्य सहज निष्पन्न होते. ज्या ज्ञानाचा लाभ मला होणार, त्याची किंमत मीच दिली पाहिजे; आणि ती देण्याचे नाणे म्हणजे वेळ. उभ्या गाडीवर बसून हात-पायांस त्यांच्या नव्या जागा दाखविणे, मोकळ्या जागेत दहादा थांबून पाहणे, पहिले काही मैल आपल्या नित्याच्या वेगाहून कमी वेगाने जाणे, यांत कोणतीही शोभा नाही. पाहणारे हसतीलही. परंतु ही नम्रता म्हणजे कौशल्याचा अभाव नव्हे. आपले कौशल्य कोठे संपते याचे ते ज्ञान आहे, आणि तेवढ्यापुरते ते कौशल्याहून श्रेष्ठ आहे.

या गाड्यांपैकी पुष्कळ हिमालयाचे तोंडही पाहणार नाहीत, असे म्हणून कित्येक लोक त्यांच्या धन्यांची थट्टा करितात. मला ती थट्टा तितकीशी न्याय्य वाटत नाही. आपल्या घरोघर देव्हाऱ्यात गंगेचा सीलबंद गडू असतो. तो रोजच्या पिण्यासाठी नसतो, तरी घरात तो असण्याने माणसाच्या मनाचे क्षितिज थोडे विस्तारते. दूर जाण्याची शक्यता दारात उभी असणे हेही एक सुख आहे, आणि त्याची योग्य किंमत देणाऱ्यास कोणी फसला असे म्हणू नये. फसतो तो, जो शक्यतेलाच सिद्धी समजतो: पाव तास फिरून आलेला आणि ‘मला ही अशी वाटली’ असे म्हणण्याऐवजी ‘ही अशी आहे’ असे म्हणणारा. पहिल्या वाक्यात मताबरोबर मत देणाऱ्याचा पत्ताही आहे. दुसऱ्यात तो पुसलेला आहे. ज्यास आपल्या निर्णयाची जबाबदारी घ्यायची आहे, त्याने तो पत्ता पुसू नये. मग तो यंत्राविषयी बोलत असो, ग्रंथाविषयी बोलत असो, की शेजाऱ्याविषयी.